हप्ता भरला, तरी अहवालात तीन महिने उशीर दिसतो आहे. काय करावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी एका वित्त कंपनीकडून दुचाकीसाठी कर्ज घेतले. हप्ता ४,८७० रुपयांचा असून तो दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या पगाराच्या खात्यातून मॅन्डेटद्वारे परस्पर कापला जातो. सप्टेंबरपर्यंत एकही हप्ता चुकला नव्हता. ३ ऑक्टोबरला खात्यात ४,९८८ रुपये होते, म्हणजे हप्त्याची तजवीज झालेली होती. परंतु ४ तारखेला बँकेने डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क म्हणून २३६ रुपये कापले, शिल्लक ४,७५२ वर आली आणि ५ तारखेचा हप्ता ११८ रुपयांसाठी परत गेला. त्या दिवशी रविवार होता. पगार जमा होताच ११ तारखेला मी कंपनीच्या ॲपवरून पूर्ण ४,८७० रुपये भरले आणि त्याची पावतीही जपून ठेवली आहे. पुढचे सर्व हप्ते वेळेवर कापले गेले.

आता ३५ लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज केला असता शाखेतील अधिकाऱ्यांनी माझा सिबिलचा अहवाल समोर ठेवला. दुचाकीच्या कर्जाखाली ऑक्टोबरच्या चौकटीत ०२६, नोव्हेंबरच्या चौकटीत ०२५ आणि डिसेंबरच्या चौकटीत पुन्हा ०२६ असे आकडे आहेत. त्याआधीच्या सर्व चौकटींत ००० आहे. गेल्या वर्षी ७८१ असलेला गुणांक ७२४ झाला आहे. अधिकारी सौजन्याने बोलले, पण "तीन महिने ओळीने उशीर दिसतो, याचे स्पष्टीकरण लागेल," असे म्हणाले.

उशीर एकदाच झाला आणि तोही सहा दिवसांचा, मग तीन महिने कसे दिसतात? रविवारी बँका बंद असताना हप्ता सादर कसा होतो? आणि ही नोंद काढून टाकता येते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शिलकी वही (सांगली)

गोदाकाठ, मी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

रविवारचा मुद्दा सोपा आहे. परस्पर हप्तावसुलीची नॅच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. त्यापूर्वी रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येणारा हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी सादर होत असे आणि अनेकांना एका दिवसाची आयती सवलत मिळे. ती आता राहिलेली नाही. शिवाय या यंत्रणेत अर्धवट रक्कम घेण्याची सोय नाही. मॅन्डेट ४,८७० रुपयांचे असेल, तर खात्यात ४,८६९ रुपये असले तरी ते परत जाते.

तुमचा खरा प्रश्न तीन महिन्यांचा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा कंपनीच्या खातेउताऱ्यात मिळेल. अहवालातला तो तीन अंकी आकडा म्हणजे, माहिती ज्या तारखेची पाठवली त्या तारखेला सर्वांत जुनी थकबाकी किती दिवसांची होती, याची नोंद असते. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची, सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे पाठवावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पूर्वी हे महिन्यातून एकदा होत असे. ५ तारखेचा हप्ता ११ तारखेला पूर्णपणे वसूल धरला गेला असता, तर १५ ऑक्टोबरला तुमच्या खात्यावर काहीच थकीत नसते आणि ३१ ऑक्टोबरला तर नसतेच. त्या अर्थी ३१ ऑक्टोबरला त्यांच्या वहीत ५ ऑक्टोबरचे काहीतरी येणे शिल्लक होते. ५ ते ३१ हे बरोबर सव्वीस दिवस होतात.

माझा अंदाज असा आहे. हप्ता परत गेला, तेव्हा कंपनीने परतीचा आकार लावला असणार. अनेक कर्जकरारांत जमा रकमेच्या विनियोगाचा क्रम दिलेला असतो. त्यात आधी खर्च व आकार, मग व्याज आणि शेवटी मुद्दल असा क्रम असेल, तर तुम्ही ११ तारखेला भरलेल्या पैशांतून आकार आधी वळता झाला असेल आणि हप्ता तेवढ्या रकमेने अपुरा राहिला असेल. मग ५ नोव्हेंबरला कापलेल्या हप्त्यातून ऑक्टोबरचा तुटवडा भरून निघाला आणि तेवढाच तुटवडा नोव्हेंबरच्या हप्त्यात पडला. ५ ते ३० नोव्हेंबर पंचवीस दिवस, ५ ते ३१ डिसेंबर सव्वीस दिवस. तुमच्या अहवालातील आकडे याच्याशी तंतोतंत जुळतात. हा तुटवडा कोणी भरून काढेपर्यंत दर महिन्याला एक हप्ता पुढे सरकत राहतो, आणि रक्कम शंभर रुपये आहे की पाच हजार, हे दिवस मोजताना पाहिले जात नाही.

तेव्हा ॲपमधील पावतीवर विसंबू नका. कर्जखात्याचा सविस्तर उतारा लेखी मागा, त्यात प्रत्येक जमा रक्कम कशाकशात वळती झाली ते पाहा आणि आजमितीस सर्व आकारांसह एकूण थकबाकी किती, हेही लेखी विचारा. ती रक्कम ३१ जानेवारीपूर्वी भरून शून्य थकबाकीचा उतारा घ्या, म्हणजे महिनाअखेरच्या माहितीत ००० जाईल. फेब्रुवारी उजाडू देऊ नका.

चटकन

यात एवढे पडण्याची गरज नाही. आमच्या भागात एक एजंट आहे. तो ठरावीक शुल्क घेऊन अहवालातील अशा नोंदी काढून देतो आणि गुणांकही वाढवून देतो. माझ्या मित्राने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी हाच मार्ग धरला होता. कार्ड कंपनीशी कमी रकमेत सेटलमेंट करून त्याने विषय मिटवला.

कलमबहाद्दर (पुणे)

चटकन, आपल्या सल्ल्याने गोदाकाठ यांचे नुकसान होईल, म्हणून स्पष्टच लिहितो. पतमाहिती कंपनी स्वतःच्या मर्जीने कोणाची नोंद पुसू शकत नाही. ज्या संस्थेने माहिती दिली, तिने दुजोरा दिल्याशिवाय बदल होत नाही. हे एजंट प्रत्यक्षात तुमच्या नावाने सरसकट सगळ्या नोंदींवर हरकत घेतात. चौकशी चालू असेपर्यंत तिथे 'वादग्रस्त' असा शेरा दिसतो, ग्राहकाला वाटते की काम झाले, आणि संस्थेने नोंद बरोबर असल्याचे कळवले की शेरा जाऊन मूळ आकडा तिथेच राहतो. हरकत स्वतः घेतली तर एक रुपयाही लागत नाही. त्यातून आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी परक्याच्या हाती देण्याचा धोका वेगळाच.

सेटलमेंटविषयी सांगायचे, तर कमी रकमेत तडजोड केलेले खाते अहवालात 'सेटल्ड' म्हणून दिसते, 'क्लोज्ड' म्हणून नव्हे. पुढचा सावकार त्याचा अर्थ असा लावतो की, आधीच्या सावकाराला काही रकमेवर पाणी सोडावे लागले. ज्याला खरोखर फेडणे अशक्य झाले आहे त्याने तो मार्ग अवश्य धरावा, पण ज्याची थकबाकी काही शे रुपयांची आहे त्याने त्या वाटेला जाणे म्हणजे शुद्ध खुळेपणा होईल.

आता गोदाकाठ यांच्या हक्काच्या बाजूविषयी. तुमचे कर्ज फेब्रुवारी २०२५ चे आहे. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या किरकोळ मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचे माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे, आणि त्यात न दाखवलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. ते पत्रक काढून परतीचा आकार त्यात आहे का आणि किती आहे, हे आधी पाहा. उशिरासाठी दंड लावला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार तो दंडनीय आकार म्हणूनच लावता येतो. व्याजदरात वाढ करून दंड घेता येत नाही आणि त्या दंडाचे मुद्दलीकरण करून त्यावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने असे सांगितले आहे की, थकबाकीची किंवा उशिराची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे पाठवताना संस्थेने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करावा. ऑक्टोबरपासून तुम्हाला असा काही संदेश आला होता का, ते शोधा.

गोदाकाठ (नाशिक)

शिलकी वही आणि कलमबहाद्दर, दोघांचेही मनःपूर्वक आभार. कंपनीकडून उतारा मिळाला. अंदाज अगदी खरा ठरला. ११ ऑक्टोबरच्या ओळीत ४,८७० रुपये जमा दिसतात आणि त्याखालीच ५९० रुपये 'परतीचा आकार' व ४,२८० रुपये 'हप्ता' असे दोन तुकडे केलेले आहेत. पुढे प्रत्येक महिन्यात आधी ५९० रुपये जुन्या हप्त्याला आणि मग ४,२८० रुपये नव्या हप्त्याला, अशी मांडणी जानेवारीपर्यंत चालत आली आहे. ॲपवर मात्र मला या काळात कधीही थकबाकी दिसली नाही. तेथे "पुढील हप्ता ५ तारखेला" एवढेच येत होते. एसएमएसही तपासले. हप्ता परत गेल्याचा संदेश आहे, पण थकबाकीची माहिती पुढे पाठवल्याचा एकही नाही. माहितीपत्रकात मात्र परतीचा आकार ५९० रुपये असा छापलेला आहे, तेव्हा त्याबद्दल मला तक्रार करता येणार नाही.

उताऱ्याप्रमाणे निघालेली सर्व रक्कम आजच भरली. आता नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या नोंदींबाबत तक्रार करण्यात अर्थ आहे का? भरपाई मिळते असेही कुठेतरी वाचले.

सातारकरीण

मध्येच विचारते, क्षमस्व. माझे पती त्यांच्या मित्राच्या कर्जाला नागरी सहकारी बँकेत जामीनदार आहेत. मित्राचे दोन हप्ते तुंबले आहेत. त्याची नोंद यांच्या अहवालात येईल का? बँकेकडून आम्हाला अद्याप काहीच कळवलेले नाही.

शिलकी वही (सांगली)

सातारकरीण ताई, येते. नागरी सहकारी बँकाही पतमाहिती कंपन्यांना माहिती देतात आणि जामीनदाराचे नाव त्या कर्जाशी जोडलेले असते, त्यामुळे तेच आकडे तुमच्या यजमानांच्या अहवालातही दिसतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी मित्राच्या मागे लागावे आणि मगच तुमच्याकडे यावे, असे बंधन नाही. आपल्याकडे जामीनकीची सही ही चहाच्या कपावर उरकण्याची बाब समजली जाते, ती समजूत बँकेच्या दारात टिकत नाही. कर्ज एखाद्या पतसंस्थेचे असते आणि ती अशी माहिती पाठवत नसती, तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १०१ चा वसुली दाखला जामीनदारावरही निघू शकतो.

तुमच्यासाठी तारखा महत्त्वाच्या आहेत. तीस दिवसांपर्यंतची थकबाकी एसएमए-० या, म्हणजे विशेष लक्ष ठेवायच्या खात्यांच्या पहिल्या गटात, त्यापुढे साठपर्यंत एसएमए-१ आणि नव्वदपर्यंत एसएमए-२ मध्ये धरली जाते. नव्वद दिवस ओलांडले की खाते एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जांत जाते. तिथे पोचल्यावर एखादा हप्ता भरून काम भागत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी चुकती केल्याखेरीज खाते पूर्ववत होत नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात निःसंदिग्धपणे लिहिले आहे. दोन हप्ते तुंबले असतील, तर मित्राला आजच भेटा आणि जुना हप्ता पूर्ण भरून घ्या. पैसे अपुरे असतील तर निदान सर्वांत जुना हप्ता तरी सुटला पाहिजे, कारण दिवस त्याच्यापासूनच मोजले जातात.

कलमबहाद्दर (पुणे)

गोदाकाठ, तक्रारीत दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. हप्ता ५ ऑक्टोबरला परत गेला, हे सत्य आहे. कारण बँकेचे शुल्क असले तरी सावकाराच्या दृष्टीने हप्ता आला नाही एवढेच खरे. त्या वस्तुस्थितीवर हरकत घेऊ नये. तुमचा आक्षेप असा असला पाहिजे की, ११ ऑक्टोबरला भरलेली रक्कम हप्त्याची म्हणून ॲपवर स्वीकारली गेली, पावतीही हप्त्याची दिली, उरलेल्या आकाराची मागणी कधी केली नाही, थकबाकीची माहिती पाठवताना आवश्यक तो संदेश पाठवला नाही आणि तरीही तीन महिनाअखेरींना खाते थकीत दाखवले. सोबत पावती, ॲपच्या पडद्याची चित्रे, उताऱ्याचे ते पान आणि माहितीपत्रक जोडा. विनियोगाच्या क्रमाविषयी करारात काय लिहिले आहे, ते मात्र तक्रार लिहिण्यापूर्वी वाचून घ्या. कलम तसेच असेल, तर कंपनी त्याच्याच आधारे उत्तर देईल आणि मग तुमचा सारा भर न आलेल्या संदेशावर आणि ॲपवरील चुकीच्या चित्रावर राहील.

हीच तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर, अशा दोन्हीकडे करा. आपल्याकडे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तेव्हा चारही ठिकाणी नोंद कशी आहे ते पाहून घ्या. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांकाला काहीही होत नाही. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठवावी लागते. तीस दिवसांपुढे गेल्यास दररोज १०० रुपये भरपाई, ज्याच्याकडून विलंब झाला त्याने द्यायची असते. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. भरपाई विलंबाची असते, नोंदीमुळे झालेल्या मनस्तापाची नव्हे. तसेच गुणांक कसा काढला, हा या तक्रारीचा विषय होऊ शकत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात.

जाता जाता आणखी एक. हप्ता परत जाणे ही गोष्ट केवळ गुणांकाची नाही. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली धनादेश न वटल्यासारखाच खटला भरता येतो. मात्र त्याआधी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि पंधरा दिवसांत पैसे भरले की प्रश्न उरत नाही. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, पण वाचणाऱ्या इतरांना माहीत असावे.

पंचवटी

क्रेडिट कार्डाला हेच लागू आहे का? माझे बिल दोन दिवस उशिरा भरले गेले आहे.

कलमबहाद्दर (पुणे)

कार्डाचा नियम थोडा मवाळ आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच कार्ड कंपनी खाते थकीत म्हणून कळवू शकते आणि विलंब आकारही तेव्हाच लावू शकते. तुम्ही दोन दिवसांत भरले असेल तर नोंद व्हायला नको. व्याजाचे गणित मात्र निराळे आहे, ते पुढच्या बिलात पाहा. चौथ्या दिवशी मात्र दिवस मूळ देय तारखेपासून मोजले जातात, तीन दिवस वजा करून नव्हे.

शिलकी वही (सांगली)

गोदाकाठ, आता गृहकर्जाचे बोलू, कारण तुमचा खरा खर्च तिथे होणार आहे.

७२४ गुणांकावर अर्ज सरसकट फेटाळला जाण्याची शक्यता मला कमी वाटते. अर्ज तपासणारा माणूस नुसता गुणांक पाहत नाही, चौकटी पाहतो. चार महिन्यांपूर्वीचा उशीर आणि चार वर्षांपूर्वीचा उशीर यांत तो फरक करतो, आणि तुमच्या चौकटी अगदी ताज्या आहेत. म्हणून एक पानी पत्र द्या. त्यात ११८ रुपयांचा तुटवडा, ११ तारखेचा भरणा आणि ५९० रुपयांची वळती एवढे तीन मुद्दे तारखांसह लिहा. सोबत पगाराच्या खात्याचे ऑक्टोबरचे पान, कर्जखात्याचा उतारा आणि शून्य थकबाकीचा दाखला जोडा. माझ्या मेजावर असे पत्र आले असते, तर मी प्रस्तावासोबत ते वर पाठवले असते. तोंडी सांगितलेले स्पष्टीकरण वरच्या कार्यालयापर्यंत पोचत नाही.

दराकडे मात्र बारकाईने लक्ष द्या. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली असतात आणि त्यावर बँक जोखमीचा अधिभार लावते. अनेक बँकांत हा अधिभार गुणांकाच्या टप्प्यांनुसार ठरतो. एकदा ठरलेला अधिभार कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाल्याशिवाय बदलत नाही, म्हणजे आज पाव टक्का जास्त लागला तर तो आपोआप खाली येईल असे समजू नका. ३५ लाखांवर पाव टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी साधारण ८,७५० रुपये होतात, आणि कर्ज वीस वर्षांचे असते.

म्हणून घराचा विक्रेता थांबायला तयार असेल, तर जानेवारीअखेरची माहिती अहवालात उतरेपर्यंत आणि तक्रारीचा निकाल येईपर्यंत मंजुरी लांबवा. विसारपावतीतली मुदत त्याआधी संपत असेल, तर थांबू नका. मंजुरी घ्या, पण नोंद दुरुस्त झाल्यास किंवा गुणांक वरच्या टप्प्यात गेल्यास अधिभाराचा फेरविचार होईल का, हे शाखेला पत्राने विचारून उत्तर फायलीत ठेवा. दरम्यान चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि या घडीला तुम्हाला तेवढे एक निमित्तही नको आहे.

गोदाकाठ (नाशिक)

विसारपावतीची मुदत मार्चअखेरपर्यंत आहे, त्यामुळे थांबणे शक्य आहे. करारातील विनियोगाचे कलम वाचले. त्यात आकार, व्याज, मुद्दल हाच क्रम आहे, परंतु "थकीत रक्कम कर्जदारास कळवून" असे शब्दही त्यापुढे आहेत. तक्रार आज दोन्हीकडे नोंदवली असून त्यात तेच कलम उद्धृत केले आहे. उत्तर आले की इथे कळवतो.